माहेरच्या वाटेवरचं हिरवं पुस्तक

गाडी स्वतःची, पेट्रोलचे पैसे खिशात आणि रस्ता सरकारी. तरीही वाटेत प्यायला पाणी मिळेल का, रात्री पाठ टेकायला जागा मिळेल का, याची खात्री नाही. अमेरिकेतल्या असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांनी आप्तांच्या भेटीसाठी असे प्रवास केले. न्यूयॉर्कचा एक पोस्टमन आणि रिचमंडची त्याची पत्नी यांनी त्यावर शोधलेल्या साध्यासुध्या उपायाची ही हकिकत.

सुट्टी लागली की गावी जायचं, हे आपल्याकडच्या घरांना नवं नाही. आदल्या रात्री बॅगा भरून दाराशी ठेवायच्या, पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरायची, मुलांना अर्धवट झोपेतच गाडीत बसवायचं आणि उजाडायच्या आत शहराबाहेर पडायचं. डबा बरोबर असला तरी चहासाठी गाडी थांबतेच. कुणाला मळमळतं, कुणाला आडोसा हवा असतो, कुणाला नुसतेच पाय मोकळे करायचे असतात. फारच उशीर झाला तर वाटेतल्या एखाद्या लॉजवर रात्र काढता येते. घरी पोचल्यावर या थांब्यांची आठवणही राहत नाही.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कहून व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला निघणारं कृष्णवर्णीय जोडपंही अशीच तयारी करायचं. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पणजीला जाण्यापेक्षा थोडं कमीच. 'यू.एस. वन' नावाचा महामार्ग फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन अशी शहरं ओलांडत थेट रिचमंडला पोचवायचा. रस्त्यावर गाडी चालवायला कुणाची बंदी नव्हती. अडचण सुरू व्हायची ती गाडी थांबवल्यावर.

खानावळीत शिरलं तर 'तुम्हाला इथे वाढत नाही' असं ऐकावं लागायचं. लॉजवर खोल्या रिकाम्या असूनही 'जागा नाही' हे उत्तर ठरलेलं. काही पेट्रोल पंपांवर पैसे घेऊन टाकी भरून द्यायचे, पण बाईने स्वच्छतागृहाची किल्ली मागितली की मान हलायची. त्यामुळे माहेरी निघालेल्या बाईला आईसाठी काय न्यायचं याच्या आधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागायची : वाटेत थांबायचं कुठे?

पोस्टमन आणि रिचमंडची लेक

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांचा जन्म १८९२ सालचा, न्यूयॉर्कचा. विख्यात फ्रेंच लेखकावरून आई-वडिलांनी मुलाचं नाव ठेवलं. पण या मुलाने कादंबऱ्या लिहिल्या नाहीत. १९१३ साली तो न्यू जर्सीत पोस्टमन म्हणून नोकरीला लागला आणि पुढची जवळजवळ चार दशकं पत्रं वाटत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचं लग्न झालं. बायको अल्मा ड्यूक ही रिचमंडची. लग्नानंतर दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बिऱ्हाड थाटलं.

त्या काळातलं हार्लेम म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जणू राजधानी. दक्षिणेतली कापसाची शेतं, तिथली सावकारी आणि जमावाची दहशत मागे टाकून माणसं उत्तरेकडच्या शहरांत येत होती. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. इतिहासकार याला 'महास्थलांतर' म्हणतात. मात्र घर सुटलं तरी घरची माणसं सुटत नाहीत. आई दक्षिणेत, आजी-आजोबा दक्षिणेत, धाकट्या बहिणीचं लग्न दक्षिणेत. त्यामुळे उन्हाळी सुट्टी, सण किंवा कुणाच्या आजारपणाची तार आली की उत्तरेतल्या शहरांतून गाड्या दक्षिणेकडे धावू लागत.

रिचमंड हे अल्माचं माहेर. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणी राज्यांची हीच राजधानी होती. युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. पण पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळे कायदे करून शाळा, बाकं, नळ, दवाखाने आणि रेल्वेचे डबे रंगाप्रमाणे वाटून टाकले. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 'वेगळे पण समान' या तत्त्वाखाली ही वाटणी मान्य केली. प्रत्यक्षात समान असं काही नव्हतं, फक्त वेगळं होतं.

अल्माच्या माहेरी जाता-येताना सोसाव्या लागलेल्या अडचणींतून व्हिक्टर ग्रीन यांना पुस्तकाची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं.

रेल्वे सोडून मोटार का?

साडेपाचशे किलोमीटरसाठी रेल्वे सोयीची नव्हती का? होती, पण वॉशिंग्टनपर्यंतच. उत्तरेतून आलेल्या कृष्णवर्णीय प्रवाशांना तिथे सामान उचलून वेगळ्या डब्यात जावं लागायचं. तिकिटाचे पैसे पूर्ण, डबा मात्र बहुतेक वेळा जुना, कोंदट आणि गर्दीने भरलेला. बसमध्ये मागची बाकं त्यांची. गोरा प्रवासी आला की तीही सोडायची.

१९४४ च्या जुलै महिन्यात व्हर्जिनियातच एक प्रसंग घडला. आयरीन मॉर्गन नावाची २७ वर्षांची विवाहिता गर्भपातातून सावरत असताना आईकडे राहिली होती. बसने बाल्टिमोरला परतताना एका गोऱ्या जोडप्यासाठी जागेवरून ऊठ, असं तिला सांगण्यात आलं. ती उठली नाही. पोलिसाने अटकेचा कागद पुढे केला, तिने तो फाडून टाकला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९४६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये प्रवाशांची रंगावरून वाटणी करता येणार नाही. निकाल झाला, पण दक्षिणेत बरीच वर्षं तो कागदावरच राहिला.

म्हणूनच ज्याच्या हातात चार पैसे आले, त्याने आधी मोटार घेतली. ती मिरवण्यासाठी नव्हती. स्वतःच्या गाडीत कुणी 'ऊठ' म्हणू शकत नव्हतं. पुढच्या बाकावर नवरा-बायको शेजारी शेजारी बसू शकत होते, मुलांना अपमान बघावा लागत नव्हता. निदान पुढचा थांबा येईपर्यंत तरी.

गाडीतला संसार

या प्रवासांच्या आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या. त्या एकमेकींशी इतक्या जुळतात की, एकाच घरात घडल्यासारख्या वाटतात. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव आणि केकचे तुकडे कागदात गुंडाळून ठेवलेले. पाण्याचं भांडं. अंथरूण-पांघरूण, कारण रात्र गाडीतच काढावी लागली तर? डिकीत पेट्रोलचा जादा डबा. आणि एक रिकामा डबा, ज्याबद्दल मोठी माणसं मुलांशी फार बोलत नसत. रस्त्यावर स्वच्छतागृह वापरू दिलं नाही तर तो उपयोगी पडायचा.

काही पुरुष गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवत. गाडी चांगली असली आणि पोलिसाने अडवलं की टोपी डोक्यावर चढवायची आणि गाडी मालकाची आहे, पोचवायला चाललो आहे, असं सांगायचं. शेजारी बसलेली बायको अशा वेळी मालकाची मोलकरीण व्हायची. स्वतःच्या कष्टाची गाडी दुसऱ्याची म्हणून सांगायची, हे मागच्या बाकावरची मुलं ऐकत असायची.

सर्वांत मोठी धास्ती अंधाराची. अमेरिकेत अशी अनेक गावं होती जिथे सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीयाने दिसू नये, असा दंडक होता. काही गावांच्या वेशीवर तशा पाट्याच लावलेल्या असत. ही गावं फक्त दक्षिणेत नव्हती, उत्तरेत आणि पश्चिमेतही होती. बऱ्याच ठिकाणी पाटी नसायची, त्यामुळे धोका जास्त. कुठल्या गावात दिवे लागायच्या आत बाहेर पडायचं, हे नकाशात छापलेलं नसतं.

पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेले नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुइस यांनी आपल्या आठवणींत असा एक प्रवास सांगितला आहे. १९५१ च्या उन्हाळ्यात, अकरा वर्षांचे असताना, ते आपल्या मामांबरोबर अलाबामाहून उत्तरेकडे बफेलोला नातेवाइकांकडे गेले. दक्षिण ओलांडेपर्यंत वाटेत खायला थांबायचं नाही, हे ठरलेलं होतं. जेवण घरूनच भरून घेतलेलं. कुठल्या पंपावर आपल्याला स्वच्छतागृह वापरू देतात, हे मामांना आधीच्या खेपांवरून ठाऊक होतं आणि त्याप्रमाणे रस्ता आखलेला होता. ओहायो राज्यात शिरल्यावर मामांचा जीव भांड्यात पडला, हे त्या लहान मुलालाही जाणवलं.

मसूर स्टेशनवरची बैलगाडी

डबा भरलेला आहे आणि तरीही प्रवासी उपाशी आहेत, हे चित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९०१ साली साताऱ्याहून चार मुलं वडीलधाऱ्याच्या भेटीला निघाली होती. त्यांतला एक होता नऊ-दहा वर्षांचा भीमराव. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे जायचं होतं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट असा थाट करून मुलं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नाही, कारण येत असल्याचा निरोप वडिलांना मिळालाच नव्हता. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

बैलगाडीवाले भाड्याने यायला तयार होईनात. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक जण राजी झाला, तोही एका अटीवर : गाडी मुलांनीच हाकायची, तो बरोबर चालत येईल. खाण्याचे पदार्थ बरोबर भरपूर होते. पण वाटेत प्यायला स्वच्छ पाणी कुणी देईना. घशाला कोरड पडलेली असताना घास उतरत नाही. जवळ अन्न असून मुलं त्या रात्री उपाशी झोपली.

बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवली. ते लेखन १९३५-३६ च्या सुमाराचं मानलं जातं. व्हिक्टर ग्रीन यांचं पुस्तक निघालं तेही १९३६ सालीच. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. ग्रीन आणि आंबेडकर यांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. पण वडिलांना किंवा आईला भेटायला निघालेल्या माणसाची वाट किती परींनी अडवता येते, हे दोघांनीही कागदावर आणलं. एकाने ते जगाला सांगितलं, दुसऱ्याने वाटसरूंच्या हातात पत्ते ठेवले.

पंचवीस सेंटचा आधार

पत्ते गोळा करणं हे पोस्टमनचंच काम! ग्रीन यांनी सुरुवात घरापासून केली. १९३६ सालच्या पहिल्या अंकात फक्त न्यूयॉर्क परिसरातली ठिकाणं होती. पुस्तकाचं नाव 'द निग्रो मोटरिस्ट ग्रीन-बुक'. 'निग्रो' हा त्या काळचा रूढ शब्द, आज तो वापरला जात नाही. 'ग्रीन' हे आडनावही आणि रंगही. किंमत पंचवीस सेंट.

ज्यू समाजाची वृत्तपत्रं आपल्या वाचकांना कुठे प्रवेश नाकारला जातो याची माहिती देत, त्यापासून आपण धडा घेतल्याचं ग्रीन यांनी प्रस्तावनेत नमूद केलं होतं. फरक असा की, ग्रीन यांनी नकाराची नव्हे, स्वागताची यादी केली. कुठे अपमान झाला याची वर्णनं त्यात नव्हती. तक्रारीचा सूर नव्हता. राज्य, त्याखाली शहर, त्याखाली हॉटेलं, खानावळी, गॅरेज, पेट्रोल पंप, केशकर्तनालयं, औषधांची दुकानं, शिंपी. टेलिफोन डिरेक्टरीसारखं कोरडं पुस्तक. पण रात्रीचे आठ वाजले आहेत, मागच्या बाकावर मुलं पेंगत आहेत आणि पुढचं गाव अनोळखी आहे, अशा वेळी त्यातली एक ओळ पुरेशी असायची.

ज्या गावात कृष्णवर्णीयांसाठी एकही हॉटेल नव्हतं, तिथे 'टुरिस्ट होम' असायचं. म्हणजे कुणाचं तरी राहतं घर. बऱ्याचदा घरमालकीण एखादी विधवा किंवा मुलं मोठी झालेली गृहिणी. एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी नाश्ता करून घालायचा, चार पैसे मिळवायचे. पुस्तकात अशा कितीतरी बायकांची नावं आणि घरांचे पत्ते छापलेले आहेत. परक्या गावात एका अनोळखी बाईचं दार रात्री-अपरात्री आपल्यासाठी उघडेल, हा भरवसा त्या नावांमागे होता.

माहिती मिळवायची कशी? ग्रीन यांनी वाचकांनाच विचारलं. तुमच्या प्रवासात कुठे चांगली वागणूक मिळाली ते कळवा, छापण्याजोग्या माहितीला एक डॉलर बक्षीस. पुढे ही रक्कम पाच डॉलर झाली. शिवाय देशभरचे पोस्टमन होतेच. आपल्या बीटवर कोणतं घर पाहुण्यांना जागा देतं हे पोस्टमनपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? काही वर्षांतच पुस्तक न्यूयॉर्कबाहेर पडून देशभर पसरलं. रिचमंडचे पत्तेही त्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रकाशन थांबलं, पण युद्धानंतर ते पुन्हा सुरू झालं. पुढे कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा इथली ठिकाणंही त्यात दिसू लागली.

विक्रीला मोठा हातभार लागला 'एस्सो' पेट्रोल पंपांचा. ही कंपनी भारतीयांनाही आठवत असेल. १९७४ साली तिचा इथला व्यवसाय राष्ट्रीयीकरणातून हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये आला. अमेरिकेत या कंपनीने विक्रीविभागात कृष्णवर्णीय अधिकारी नेमले होते, कृष्णवर्णीयांना पंपही चालवायला दिले होते. तिच्या पंपांवर हे पुस्तक मिळायचं. १९४७ मध्ये ग्रीन यांनी प्रवाशांसाठी आरक्षण करून देणारी सेवाही सुरू केली. १९५२ साली पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते पूर्णवेळ याच कामाला लागले. हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावर कार्यालय होतं. कामात अल्मा यांची साथ सुरुवातीपासून होती.

'या, पण जोडीने नको'

न्यूयॉर्क-रिचमंड रस्त्यावर, रिचमंडच्या थोडं अलीकडे कॅरोलाइन काउंटी लागते. तिथल्या एका जोडप्याची कहाणी या रस्त्याचा इतिहास सांगताना टाळता येत नाही. रिचर्ड लव्हिंग गवंडीकाम करायचा, वर्णाने गोरा. मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी आदिवासी वंशाची. दोघं एकाच पंचक्रोशीतली. व्हर्जिनियात असं लग्न बेकायदा होतं, म्हणून जून १९५८ मध्ये दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि घरी परतले. पाच आठवड्यांनी मध्यरात्री शेरीफ थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत आला. भिंतीवर लावलेला लग्नाचा दाखला त्यांनी दाखवला. या राज्यात तो चालत नाही, असं उत्तर मिळालं.

जानेवारी १९५९ मध्ये न्यायाधीशांनी एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि एका अटीवर ती स्थगित ठेवली. दोघांनी राज्य सोडायचं आणि पंचवीस वर्षं जोडीने परत यायचं नाही. एकट्याने यायला हरकत नव्हती. म्हणजे मिल्ड्रेडने माहेरी यायचं ते नवऱ्याशिवाय, रिचर्डने आईला भेटायचं ते बायकोशिवाय. वॉशिंग्टन त्यांच्या गावापासून फक्त दोन-तीन तासांवर, पण एकाच गाडीतून हा प्रवास केला की तुरुंग. तरीही दोघं लपूनछपून जात राहिली.

१९६३ साली मिल्ड्रेडने देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना हाताने एक पत्र लिहिलं. त्यात मोठ्या तत्त्वांची भाषा नव्हती. तिथे राहता येणार नाही हे आम्हाला समजतं, पण अधूनमधून घरच्यांना आणि मित्रमंडळींना भेटायला तरी जाता यावं, एवढंच मागणं होतं. केनेडी यांच्या कार्यालयाने तिला नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या संघटनेकडे जाण्याचा सल्ला दिला. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लव्हिंग दांपत्याच्या बाजूने निकाल दिला आणि देशभरातले असे विवाहबंदीचे कायदे रद्द ठरवले.

पाहुण्यांनाही तोच अनुभव

हा भेद आपल्या नागरिकांपुरताच राहिला असता तर अमेरिकेला तो झाकता आला असता. पण ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टन विमानतळाच्या उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेतून उठून दुसरीकडे बसण्यास सांगण्यात आलं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना माफी मागावी लागली. १९६१ साली न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला मोटारीने निघालेल्या चाड देशाच्या राजदूतांना मेरिलँडमधल्या एका खानावळीत कॉफी नाकारण्यात आली. बातमी जगभर झाली. राजदूतांसाठी सरकार हललं, पण रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या कुटुंबांना कोण विचारणार होतं?

ती कुटुंबं विचारायला रस्त्यावर उतरली तेव्हा चित्र बदललं. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वप्नाची गोष्ट सांगितली, ती सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात त्यांनी प्रवासाने थकलेल्या शरीरांना महामार्गावरच्या मोटेलांत आणि शहरांच्या हॉटेलांत जागा मिळत नाही, याचाही उल्लेख केला होता. २ जुलै १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेल, मोटेल, खानावळ यांना रंगावरून गिऱ्हाईक परत पाठवता येणार नाही, हे त्यातलं एक कलम. अटलांटातल्या एका मोटेलमालकाने त्याला आव्हान दिलं. डिसेंबर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं एकमताने फेटाळलं.

बंद पडावं म्हणून काढलेलं पुस्तक

एखादं प्रकाशन बंद पडावं, अशी इच्छा त्याचा प्रकाशक सहसा करत नाही. व्हिक्टर ग्रीन यांनी ती छापून ठेवली होती. लवकरच असा दिवस येईल की, या पुस्तकाची गरज उरणार नाही, त्या दिवशी ते बंद करताना आपल्याला आनंदच होईल, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी प्रस्तावनेत लिहिला होता. तो दिवस बघायला ते राहिले नाहीत. १९६० साली त्यांचं निधन झालं.

पुढचे अंक अल्मा यांनी काढले. कायदा झाल्यानंतरही लगेच हात आवरला नाही, कारण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक दार उघडत नाही. शेवटचा अंक १९६६-६७ चा. लव्हिंग दांपत्याचा निकालही १९६७ चाच. तीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका परिसरापुरतं निघालेलं पुस्तक बंद पडलं आणि ते बंद पडणं हेच त्याचं यश होतं. अल्मा १९७८ पर्यंत हयात होत्या. नवऱ्याची इच्छा पुरी झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

या यशाला एक हळवी किनारही आहे. सगळी हॉटेलं खुली झाल्यावर प्रवासी तिकडे वळले. पुस्तकात नाव असलेल्या कितीतरी खानावळी, लॉज आणि राहत्या घरांतल्या खोल्या बंद पडल्या. बऱ्याच इमारती आज जागेवर नाहीत. अडीअडचणीच्या रात्री ज्या बायकांनी दार उघडलं, त्यांची आठवण बहुतेक ठिकाणी त्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतीच उरली आहे.

मधली काही दशकं पुस्तकही विस्मरणात गेलं होतं. २०१० मध्ये केल्विन अलेक्झांडर रॅमसे यांनी लहान मुलांसाठी 'रूथ अँड द ग्रीन बुक' लिहिलं. शिकागोहून अलाबामाला आजीकडे निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट. २०१८ साली आलेल्या 'ग्रीन बुक' या चित्रपटाला पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि हे नाव भारतातही पोचलं. पुस्तकाचे जुने अंक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शोम्बर्ग केंद्रात जपून ठेवले आहेत. हे केंद्रही हार्लेमच्या त्याच १३५ व्या रस्त्यावर आहे.

सगळं मिटलं, असं मात्र कुणी म्हणत नाही. २०१७ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या राष्ट्रीय संघटनेने मिझुरी राज्यातून जाणाऱ्या प्रवाशांना सावधगिरीचा इशारा दिला होता. रस्त्यात पोलिसाने गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा, हे आजही अनेक घरांत मुलांना समजावून सांगितलं जातं.

पण न्यूयॉर्कहून रिचमंडला माहेरी निघालेल्या जोडप्याला आता बुटांच्या खोक्यात दोन वेळचं जेवण भरून घ्यावं लागत नाही. भूक लागली की गाडी बाजूला घेता येते. बायकोला विसाव्यासाठी दोन मिनिटं हवी असली, मुलाला तहान लागली, नवऱ्याचे डोळे मिटायला लागले, तर थांबता येतं. पुढच्या खेपेला गावी जाताना चहाच्या टपरीपाशी गाडी थांबेल आणि टपरीवाला कोण, कुठला न विचारता पाण्याचा ग्लास पुढे करेल, तेव्हा एवढ्या साध्या गोष्टीसाठी एका पोस्टमनने आणि त्याच्या बायकोने तीस वर्षं पत्ते जमवले होते, हे आठवायला हरकत नाही.